अनऑथोराइज्ड घड्याळ

माझ्या भावानं होणाऱ्या जावयाचं सोन्याचं घड्याळ भर अंगणात सगळ्यांसमोर वितळवलं, आणि तो वितळलेला गोळा बघून सगळे खूश झाले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अजूनही भाकरी थापताना मध्येच आठवतं आणि हात थांबतो माझा. अशी कशी माणसं आपण, असं वाटतं.

भाऊ म्हणजे लालासाहेब. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते. आमचं माहेर विट्याजवळ. तिकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. कुणी दिल्लीला गेला, कुणी कलकत्त्याला, आमचा दादा मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला जाऊन मुशीपुढं बसला. मूस म्हणजे सोनं वितळवायची वाटी, ती तापून लाल होते पण स्वतः वितळत नाही. तिथले सराफ डोळे झाकून त्याच्या हातात सोनं देतात. आणि कधी कुणी शंका काढलीच, तर दादा भांडत नाही, शपथा घेत नाही. त्या माणसाला समोर बसवतो, मूस पेटवतो आणि गाळून दाखवतो. आयुष्यभर त्यानं अशीच उत्तरं दिली आणि आयुष्यभर ती खपली.

मी मात्र तोंडानं बोलते. मलकापुरात माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवायची सवय, त्यामुळं मी हळू बोलले तरी लोक दचकतात. दादाच्या सृष्टीचं लग्न मीच जुळवलं. मुलगा रहिमतपूरचा, शंभूराज, पुण्यात इंजिनीअर. वडील नानासो फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आता ऊस बघतात. माणूस सरळ, पण कडक. त्यांच्या घरात दारातल्या चपलासुद्धा सावधानमध्ये उभ्या असतात. सृष्टी सांगलीत फिजिओथेरपी शिकली आणि तिथंच एका दवाखान्यात लागली. दोघं एकदा भेटली, दुसऱ्यांदा भेटली, तिसऱ्यांदा आम्हाला न सांगता भेटली, तेव्हाच मी ओळखलं की आता आपलं काम फक्त जेवणाचा बेत ठरवायचं राहिलंय.

साखरपुड्यात आमच्याकडं नवऱ्या मुलाला अंगठी आणि घड्याळ घालतात. शंभूराजला घड्याळांचं वेड. बोलत नाही फारसा, पण एका स्विस कंपनीच्या सोन्याच्या घड्याळाचा फोटो कॉलेजपासून त्याच्या मोबाईलवर होता, असं सृष्टीनं मला सांगितलं. तिनं तो वडलांना दाखवला.

"एवढंच व्हय? घिऊया की," दादा म्हणाला.

लग्नासाठी तो कोइमतूरहून गावी आला होता. पुण्यात कंपनीच्या शोरूममध्ये गेला तर त्यांनी खुर्ची दिली, थंडगार पाणी दिलं आणि किंमत सांगितली. दादानं मनातल्या मनात घड्याळातल्या सोन्याचा हिशोब मांडला आणि कमी करायला सांगितलं. तिथला कोटातला पोरगा गोड हसून म्हणाला, आमच्याकडे भाव होत नाही. दादा बाहेर आला तो तणतणतच. "सोन्याला रोजचा भाव असतोय गं मंगल, आन ह्येंच्याकडं म्हणं भावच न्हाई!"

मग कुणीतरी सांगलीच्या बाळासोचं नाव सुचवलं. बाळासोच्या दुकानावर पाटी मोबाईलच्या कव्हरांची. पुढं तीच टांगलेली. मागच्या खोलीत मात्र मखमली ट्रेमध्ये परदेशातून आणलेली घड्याळं. कंपनीनं नेमलेला विक्रेता नव्हता तो. स्वतः दुबईहून माल आणायचा आणि शोरूमपेक्षा बराच स्वस्त द्यायचा. दादा, सृष्टी आणि मी, आम्ही तिघं गेलो. नेमकं तेच फोटोतलं घड्याळ त्यानं पुढं ठेवलं.

मी आडपडदा ठेवला नाही. "बाळासो, एवढं स्वस्त कसं परवडतंय तुमाला? डुप्लिकेट तर न्हाई?"

तो रागावला नाही. "आत्या, मला एसी न्हाई, दारात सलाम ठोकनारा न्हाई, पेपरात जाहिरात न्हाई. माल त्योच. फकस्त कंपनीची वॉरंटी न्हाई मिळायची. बिघडलं तर माझ्याकडं घिऊन यायचं."

सृष्टीनं भिंग मागून घेतलं, काटे बघितले, मागचा नंबर मोबाईलवर ताडून पाहिला, नाना प्रश्न विचारले. दादाचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यानं खिशातून कसोटीचा दगड काढला, घड्याळाच्या पट्ट्याची आतली कडा त्यावर जरा घासली, तेजाबाचा थेंब सोडला आणि मान हलवली.

"सोनं खरं हाय. सोनं खरं म्हंजे घड्याळ खरं. बांदा."

बाळासोचा आ वासलेला मी पाहिला. घड्याळ कसोटीच्या दगडावर घासणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. निघताना सृष्टी जरा मागं रेंगाळली आणि त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. मग आम्हाला म्हणाली, "घड्याळ आज नगं. मी दोन-चार दिवसांनी घिऊन येते." का, म्हणून मी विचारलं तर चक्क लाजली. ही पोरगी लाजते हेच मला नवीन होतं, त्यामुळं मी पुढं खोदून विचारलं नाही.

साखरपुडा रहिमतपूरला झाला. पेटी उघडून शंभूराजनं घड्याळ हातात घेतलं. सगळे तबकडीकडं बघत होते. त्यानं मात्र पट्टा उलटा केला, आतल्या बाजूला काहीतरी बघितलं आणि बघतच राहिला. कान लाल झाले त्याचे. मग त्यानं सृष्टीकडं पाहिलं आणि तिनं पटकन पदर सारखा केला. मी कृतकृत्य होऊन जिलेबी खाल्ली.

घड्याळ त्याच्या मनगटाला सैल होत होतं. त्यानं पुण्यात नेऊन त्याच शोरूममध्ये पट्ट्याच्या दोन कड्या काढून घेतल्या, रविवारी गावी आणलं आणि लग्नापर्यंत कपाटात ठेवायला वडलांकडं दिलं. परत निघताना मोटारसायकल सुरू करता करता तो काय बोलला, ते मला फार उशिरा समजलं. तो म्हणाला, "पप्पा, ह्ये अनऑथोराइज्ड डीलरकडचं हाय, त्यामुळं कंपनीची वॉरंटी न्हाई. बाकी..." बाकीचं मोटारसायकलच्या आवाजात गेलं. तो टाटा करून गेला आणि नानासो फाटकाशी एक शब्द घेऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन. मी पट्टा बंद केला आणि बाहेर आले.

"मंगलताई, तुमच्या दादांनी दिल्यालं घड्याळ अनऑथोराइज्ड निघालं."

"म्हंजे वो?"

"म्हंजे काय म्हंजे? फौजेत जवानाच्या पेटीत अनऑथोराइज्ड चीज घावली तर चार्ज लागतोय. कमांडिंग साहेबापुढं टोपी काढून उभं ऱ्हावं लागतंय. मी उभ्या नोकरीत डाग लागू दिला न्हाई. आता ती वस्तू माझ्या कपाटात, माझ्या मेडलाशेजारी? रविवारी या आन घिऊन जावा. आन ज्यांनी ती दिली त्यांच्याशी सोयरीक ठेवायची का न्हाई, ह्येबी तवाच बोलू."

फोन ठेवला त्यांनी. मी गिरणीच्या पायरीवर बसले, तर दळण घेऊन आलेल्या बायका विचारायला लागल्या, कोण गेलं म्हणून. सोन्यासारखं जुळलेलं लग्न एका शब्दावर मोडणार? आणि तो शब्द तरी धड काय म्हणतो?

मी दादाला फोन लावला. नानासोंचा शब्द जसाच्या तसा सांगितला, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

"अनऑथोराइज्ड म्हनला?" दादा म्हणाला. "म्हंजे शिक्का न्हाई म्हनतोय. हॉलमार्क न्हाई म्हनतोय. माझं सोनं खोटं म्हनतोय सुभेदार!"

सोन्याच्या धंद्यात ऑथोराइज्ड म्हणजे शिक्क्याचं आणि बाकीचं सगळं संशयाचं. दादाला दुसरा अर्थ सुचणारच नव्हता. मी म्हटलं, "आरं दादा, त्येंना काय चोरीचंबिरीचं म्हनायचं असंल."

"चोर म्हनू दे. शिव्या घालू दे. पन सोनं खोटं? ह्यो बोल मी कुनाचा ऐकला न्हाई आजपातूर."

"शंभूराजला एक फोन करूया का? त्योच सांगंल काय झालंय ते."

"पोरांचं काय त्येच्यात? ही बोलनी मोठ्यांची. आन सृष्टीच्या कानावर घालू नगंस, उगं रडत बसंल."

झालं. ज्या दोघांना त्या घड्याळाची नखशिखांत माहिती होती, ती दोघं या गोष्टीतून बाद झाली. आमच्याकडं लग्न ज्यांचं असतं त्यांना सोडून सगळ्यांना विचारतात, तसंच हे.

रविवारी आम्ही रहिमतपूरला गेलो. दादा, मी आणि वहिनी. होणारी सून लग्नाआधी सासरच्या बैठकीला येत नाही, त्यामुळं सृष्टी यायचा प्रश्नच नव्हता. गाडीच्या डिकीत काहीतरी खडखडत होतं. मी विचारलं तर दादा 'सामान हाय' एवढंच म्हणाला.

नानासोंच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. मध्ये एक स्टूल, स्टुलावर पांढरा रुमाल, रुमालावर घड्याळाची पेटी. पंचनाम्याला ठेवावी तशी. विहीणबाईंनी पाणी दिलं, पण चहाचं नाव कुणी काढलं नाही. रहिमतपुरात पाहुण्याला चहा विचारला नाही म्हणजे काय समजायचं ते समजावं. वहिनीची तर पाचावर धारण बसली.

"पाव्हणं, वस्तू अनऑथोराइज्ड हाय," नानासो म्हणाले.

"सोनं खरं हाय," दादा म्हणाला.

"मी सोन्याचं बोलतच न्हाई."

"मग कशाचं बोलताय? घड्याळात सोन्याबिगर मोलाचं असतंय काय?"

नानासो गडबडले. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते त्यांनाही मांडता येईना. नियम मोडलाय इतकं त्यांना पक्कं माहीत होतं, पण कुठला नियम ते माहीत नव्हतं. अशा वेळी कडक माणूस मागं सरत नाही, आणखी कडक होतो.

"आवं, सोनंबी खरं कशावरनं?" ते तडकले. "आजकाल वरनं पानी मारून देत्यात. कसोटीच्या दगडाला काय, वरचंच लागतंय!"

वहिनीनं माझा हात घट्ट धरला. दादाच्या तोंडावरचा रंग उतरला आणि मग त्याचा चेहरा एकदम शांत झाला. तो शांत झाला तेव्हा मला खरी भीती वाटली.

तो उठला, डिकी उघडली आणि एक-एक सामान बाहेर आणलं. छोटी गॅसची टाकी. नळी. मूस. चिमटा. सोनं चटकन गळावं म्हणून टाकतात त्या सवागीचा डबा. अंगणाच्या कोपऱ्यात दोन विटा मांडल्या आणि त्यांच्यापुढं बसला, जसा कोइमतूरला बसतो तसा.

"दादा, काय करतोयस?" मी ओरडले. माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल.

"सुभेदारास्नी आतलं सोनं बघायचंय. दावतो."

त्यानं पेटीतून घड्याळ काढलं, पट्टा सुटा केला, मागचं झाकण कशानं तरी उचकटलं आणि आतलं यंत्र तबकडीसकट उपसून स्टुलावरच्या रुमालावर ठेवलं. विश्वास ठेवा, ते तिथं उघड्यावर चालत होतं. काटा फिरत होता. आणि इकडं घड्याळाचं सोन्याचं घर आणि तो सगळा पट्टा मुशीत गेला. मी दोनदा "दादा, दादा" केलं, पण त्यानं मान वर केली नाही. आम्ही सगळे खुर्च्यांवर खिळल्यासारखे झालो होतो. नानासोंनी एक हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

निळी ज्योत सुं सुं करत होती. पट्ट्याच्या कड्या एकमेकींवर वाकल्या, लोण्यासारख्या बसत गेल्या. मग त्यांचा आकार गेला. मुशीत एक लाल-पिवळा थेंब डुलायला लागला आणि दादानं चिमट्यानं मूस उचलून तो ओतला. गार केला. हातोडीनं चेपला. छिन्नीनं मधोमध तोडला आणि दोन्ही तुकडे तेजाब लावून, पाण्यानं धुऊन नानासोंच्या हातावर ठेवले.

"बघा. आरपार एकच रंग. कुठं पानी दिसतंय का?"

नानासो त्या तुकड्यांकडं बघत राहिले. मग उठले. पाय जुळवले आणि दादाला कडक सॅल्यूट ठोकला. अंगणातल्या सगळ्यांनी त्या क्षणी टाळ्या वाजवल्या, तुम्हाला खोटं वाटेल.

"पाव्हणं, चुकलो," नानासो म्हणाले. "असा मानूस मी पलटणीत बी बघितला न्हाई. सोनं खरं, म्हंजे मानूस खरा. आन ती अनऑथोराइज्ड वस्तूबी आता उरली न्हाई. सगळंच मिटलं. आगं, चहा टाका!"

मिटलं म्हणे! पण तेव्हा मलाही मिटल्यासारखंच वाटलं. चहा आला, पेढे आले. वहिनी डोळे पुसत हसत होती. दोघा बापांनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि तिथंच लग्नाची तारीख पक्की केली, बँडवाला ठरवला. स्टुलावरचं यंत्र कधी बंद पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. अंगणातली धूळ बसली असेल त्यात.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल वाजली. शंभूराज. दर रविवारी यायचा तो, हे आम्ही सगळे विसरलो होतो.

"आरं वा, आत्या! मामा बी आल्यात! मला कुनी बोललं न्हाई," तो हसत आला, सगळ्यांच्या पाया पडला. खिशातून प्लास्टिकची इवलीशी पुडी काढली. "पप्पा, ह्या पट्ट्याच्या दोन कड्या. काढून घेतल्याल्या. मागच्या रविवारी द्यायच्या ऱ्हायल्या. पेटीत टाकतो."

त्यानं पेटी उघडली. आत नुसती मखमल.

"घड्याळ कुठं हाय?"

मग नानासोंनी, अजून अभिमानातच, मूठ उघडली. दोन पिवळे तुकडे. "बग. खरं सोनं हाय. तुझ्या सासऱ्यांनी आमच्या डोळ्यांदेखत गाळून दावलं."

शंभूराजला चेष्टा वाटली. तो हसला. हसता हसता त्याची नजर स्टुलावर गेली. त्या रुमालावरच्या बंद पडलेल्या तबकडीवर. त्याचं हसू तिथंच थांबलं.

"काय केलंत ह्ये?" तो इतक्या हळू बोलला की मला ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"तूच म्हनलास ना अनऑथोराइज्ड हाय म्हनून," नानासो म्हणाले.

"डीलर अनऑथोराइज्ड, पप्पा! दुकानदार! कंपनीनं नेमल्याला न्हाई एवढाच त्येचा अर्थ. घड्याळ अस्सल हाय. शोरूमवाल्यानंच उघडून बघितलं, म्हनाला एक नंबर पीस हाय, जपा. ह्येच सांगत हुतो मी जाताना."

नानासो मटकन खुर्चीत बसले. "मी तेवढाच शब्द ऐकला रं," ते म्हणाले. दादाकडं माझं बघायचं धाडस होईना. ज्या बाळासोला मी आठवडाभर मनातल्या मनात लाखोली वाहत होते, तो एकटाच या सगळ्यात खरं बोलला होता. वॉरंटी न्हाई, म्हणाला होता. बाकी माल त्योच.

दादानं घसा साफ केला. "सोनं कुठं जात न्हाई, जावईबापू. सोनं हाय तेवढंच्या तेवढं. आपन परत..."

"मामा," शंभूराज मध्येच बोलला, "पट्ट्याच्या आतल्या अंगाला, कडीजवळ कायतर लिवल्यालं हुतं. ते वाचलं का तुमी?"

दादा थबकला. "बारीक काय तरी हुतं खरं. माझ्याकडं चष्मा न्हवता. म्या म्हटलं, कंपनीचं नाव असंल."

शंभूराज पायरीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून. मला बाळासोचं दुकान आठवलं, मागं रेंगाळलेली सृष्टी आठवली, साखरपुड्यात लाल झालेले त्याचे कान आठवले, आणि ती अक्षरं सृष्टीनं कोरून घेतली होती हे मला कळलं. त्या चिमुकल्या अक्षरांत काय होतं ते त्या दोघांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि आता ते कुठंच नाही. आमच्या समोर, आमच्या टाळ्यांत, ते वितळून गेलं.

माझा फोन वाजला. सृष्टी. गडबडीत बोट स्पीकरवर पडलं.

"आत्या, काय चाललंय गं? आई फोन उचलंना, पप्पा उचलंनात. कालपासनं घरात सगळी कुजबुजत्यात. माझ्या लग्नाचं काय हाय का?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. सगळं सांगितलं, मूस, सोनं, सॅल्यूट, पेढे आणि ठरलेली तारीख. मध्ये कुणी मला थांबवलं नाही.

"पप्पा हायत तिथं?"

"हाय गं," दादा म्हणाला. इतका बारीक आवाज मी त्याचा लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता.

"मूस गरम हाय का अजून?"

दादाला कळेना. "का गं?"

"मग आमा दोघास्नीबी घाला तिच्यात. ज्वाळ मोठी करा. आमी खरं हाय का खोटं, तेबी सगळ्यांसमोर बघून घ्या एकदा. आमाला इचारायचं तर तुमाला जमत न्हाई."

विहीणबाईंच्या हातातला चहाचा ट्रे वाजला. नानासोंनी मान खाली घातली. दादानं माझ्याकडं बघितलं आणि खुणेनं म्हणाला, बंद कर. आयुष्यात त्यानं सांगितलेलं मी कधी मोडलं नव्हतं. मी फोन तसाच धरून ठेवला.

शंभूराज उठला आणि माझ्या हातातून फोन घेतला. दुसऱ्या हातात ती पुडी होती, कड्यांची. दादाचा हात सवयीनं तिच्याकडं गेला, सोनं दिसलं की जातो तसा. शंभूराजनं मूठ मिटली.

"ह्या न्हाई मामा," तो म्हणाला. "ह्या आमच्या हायत."

मग फोनवर बोलला. "सृष्टी, दोन कड्या हायत माझ्याकडं. तुला एक, मला एक. आन तारीख तू सांग. ह्यांना मागनं कळवू."

फोन घेऊन तो फाटकाबाहेर गेला. दोघा बापांमध्ये ती रिकामी पेटी उघडीच पडली होती आणि ती झाकायला कुणाचा हात पुढं झाला नाही.